इंजिनावरचा नारळ

फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून औंधात गॅरेज टाकलेल्या भाऊसोचं डोकं त्या दिवशी लय तापलं. मल्हारची जीप चढाला परत बंद पडली होती, आणि त्याच जीपमधनं त्याच्या आईला आठवड्यातनं दोनदा साताऱ्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. शहरातल्या वर्कशॉपनं इंजिनाचा कॉम्प्युटर बदलला होता. दोन महिन्यांत दुसराबी गेला म्हणून आता तिसरा घाला म्हणत होते.

"अरं, पयला कशानं गेला ते बघितलं का कुणी?" भाऊसोनं कॉम्प्युटरचा प्लग उपसला. आतल्या पिना हिरव्यागार, चिकट झालेल्या. त्यानं वास घेतला. "मल्हार, नारळ कुठं फोडतोस रं?"

"दर अवसेला, बॉनेट उघडून इंजिनावरच. मशीनलाबी पाणी मिळाया पायजे न्हवं?"

"तुझं सोड, तू भक्त! पर त्या कोट घातलेल्यांनी अख्खा डबा बदलला आन् प्लगात डोकावलं न्हाई? म्हातारी वाटंत अडकली असती म्हंजे?"

शिव्या घालतच त्यानं पिना घासल्या, तोच कॉम्प्युटर परत जोडला. जीप एका चावीत सुरू झाली. मल्हारनं खुशीत पिशवीतनं नारळ काढला. भाऊसोनं तो हिसकला, दारातल्या दगडावर फोडला आणि सगळं पाणी स्वतःच गटागटा प्याला.

"पाणी पाजायचं तर ह्या मशीनला पाज!"