ताईच्या मानेवरचं गजकर्ण

चूक माझीच होती. ती डॉक्टरांसमोर लपवली, ही त्याहून मोठी.

माझी थोरली बहीण कोपरीत राहते. तिला दुसऱ्याची किडनी बसवलेली आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तिला रोज घ्याव्या लागतात. तिच्या मानेवर गजकर्ण उठलं, तेव्हा मी डोंबिवलीहून आमच्या घरची खाजेच्या मलमाची ट्यूब घेऊन गेलो. ती आमच्या फ्रिजवरच असते. ज्याला खाज सुटेल तो लावतो, खाज थांबली की बंद करतो. केमिस्ट चिठ्ठी मागत नाही.

"अरे, डॉक्टरांना विचारू का आधी?"

"गजकर्णाला कसले डॉक्टर? लाव गं."

खाज थांबली. मग बुरशी पाठभर पसरली. त्वचेच्या डॉक्टरांनी खरवडून तपासायला पाठवली. नेहमीचं औषध त्या बुरशीवर चालतच नव्हतं.

"त्यात ट्यूबमध्ये स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी माजते," डॉक्टर म्हणाल्या. "आता जी गोळी देणार, तिने किडनीचं औषध रक्तात वाढतं. सारखं रक्त तपासावं लागेल, नाहीतर किडनीच धोक्यात. शिकलेल्या ना तुम्ही? कुणी सांगितलं हे लावायला?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो.

"मीच आणली," ताई म्हणाली.

ती खचली नाही. शेजारच्या हळदीकुंकवाला गेली तर बायका सरकून बसल्या. "लांबूनच वाण द्या, पण द्या," म्हणाली आणि घेऊनच उठली. मीही पेटलो. घरची ट्यूब फेकली, केमिस्टशी वाद घातला.

"काका, सगळे हेच नेतात."

"म्हणूनच भांडतोय. चिठ्ठीशिवाय देऊ नका."

हे मी ताईला फुशारकीने सांगितलं. ती हसली. "केमिस्टपुढे वाघ. डॉक्टरांपुढे मात्र मांजर."

पुढच्या तपासणीला चट्टे ओसरत होते, किडनी शाबूत होती. "आता पुन्हा मनाने काही लावू नका," डॉक्टरांनी ताईला दटावलं.

"हिला बोलू नका, डॉक्टर," मी म्हणालो. "ट्यूब मी दिली. ही तुम्हाला विचारणार होती, मीच अडवलं." मग ताईकडे वळलो. "तुझी किडनी पणाला लावली, वर बोलणीही तुलाच खायला लावली. माफ कर मला, ताई."