सास्तुरातला प्रोसेसरांचा सामना

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, संगणकाच्या पोटातला कोणता प्रोसेसर श्रेष्ठ, नामांकित कंपनीचा जुना की घरच्या घरी घडवलेला नवा, यावर जगभरात जी काही परीक्षणे झाली असतील ती तूर्त गुंडाळून ठेवावीत. अंतिम सामना आमच्या सास्तुरात, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, भर उन्हाळ्यात पार पडलेला आहे. पंच म्हणून माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, लाभले होते. त्यांना संगणकातलं काडीचंही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेण्याचं कारणच नव्हतं.

मी लग्नांचं शूटिंग करतो. मुरूमपासून नळदुर्गपर्यंत ज्या ज्या नवरीनं माप ओलांडलं, तिच्यासमोर मी कॅमेरा घेऊन उलटा चालत गेलेलो आहे. त्या शूटिंगचा सिनेमा करायचं खरं काम बायकोचं. मिक्सिंग तीच करते, पुढच्या खोलीत, लोखंडी टेबलावर. तिथं आमचा जुना सीपीयू होता. त्याच्या आत ज्या कंपनीचा प्रोसेसर होता तिचं नाव शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बैलासारखा कामाचा आणि मळणीयंत्रासारखा आवाजाचा. सगळे तुकडे जोडून झाले की शेवटी अख्खा सिनेमा एकसंध बाहेर काढावा लागतो, त्याला आम्ही रेंडरला लावणं म्हणतो. रेंडरला लावला की आतले पंखे गरगरायला लागायचे, टेबल थरथरायचं, टेबलाची थरथर भिंतीत जायची आणि भिंतीपलीकडच्या मांडणीवरची भांडी बारीक किणकिणायला लागायची.

दुसऱ्या कुठल्या गावात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आमचं गाव भूकंपात पडलेलं आणि नंतर नव्यानं उभं राहिलेलं. त्या पहाटे आमच्या घरातलं कोण कोण गेलं ते मी इथं सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की, आईनं त्या पहाटे सगळ्यात आधी जे ऐकलं होतं ती मांडणीवरच्या भांड्यांची किणकिण होती.

त्यामुळे सीपीयू घरघरला की आई उठायची. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. चटई काखोटीला मारायची आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसायची, ते यंत्र थांबेपर्यंत. थंडीत ठीक होतं. पण लग्नं उन्हाळ्यात. या वर्षी ती तिथंच भोवळ येऊन पडली आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना चांगलंच झापलं. या वयात पुन्हा असं ऊन लागलं तर माझ्याकडे आणूच नका, म्हणाले. आम्ही सीपीयूखाली गोधडी घातली, टायरचे तुकडे घातले, टेबल सरकवून बघितलं. थरथर कुठून तरी वाट काढायचीच. हे सगळं काम गावाबाहेर एखाद्या खोलीत न्यावं, तर घरी आईपाशी कोण? तिला समजवायला गेलो तर म्हणाली, "मला कळतंय रं मशीन हाय ते. अंगाला कळत न्हाय."

तेव्हा बायकोनं सोलापुरातून एक लॅपटॉप आठवडाभराच्या बोलीवर आणला. चपटा, राखाडी, पाटीएवढा. ती कंपनी आधी प्रोसेसर दुसऱ्यांकडून घ्यायची, आता तिनं स्वतःचाच बनवला होता. तो म्हणे तापत नाही, आवाज करत नाही, आणि वर जुन्या नामांकितांना मागं टाकतो. दुकानदारानं तसा रंगीत कागदही दिला होता, त्यावर नव्याची रेघ उसाएवढी आणि जुन्यांच्या रेघा तुरीच्या काडीएवढ्या.

दादांनी तो कागद लांब धरून वाचला. दादा सोयाबीन करतात. त्यांच्या मते रेघा कंपनीनंच आखल्या असतील तर त्यांना काही अर्थ नाही. बियाण्याच्या पोस्टरवरचं कणीससुद्धा माणसाएवढं असतं. शिवाय हे तर घरचं बियाणं. "घरच्या बियाण्याला नावं ठेवीत न्हाय मी," ते म्हणाले, "पण गोणपाटात गुंडाळून, उगवून बघितल्याबिगर पेरतंय कोण?"

म्हणून सामना ठरला. मुरूमच्या एका पार्टीचं अख्खं लग्न दोन्ही यंत्रांवर चढवायचं आणि एकाच वेळी रेंडरला लावायचं. जुन्यापाशी मी, नव्यापाशी बायको, मधे खुर्ची टाकून दादा. आईला किणकिण ऐकू जाऊ नये म्हणून मुहूर्तही हेरून ठेवला होता. गल्लीच्या टोकाला बारसं होतं, आई तिकडं गेली होती, पाळणे म्हणून झाल्याशिवाय परत यायची नव्हती.

दादांनी हात खाली केला. जुना गर्जला. पंखे, टेबल, भिंत, भांडी, सगळे आपापल्या जागी हजर. त्या आवाजानं मला बरंच वाटलं, काम चाललंय हे कळत होतं. नव्यातून काहीच येईना. दादा वाकून त्याला कान लावून बसले. मग हात लावला. गार. कामाला जुंपलेला बैल घामेजला नाही तर तो ओढतच नसतो, असं त्यांनी जाहीर केलं. बायकोनं पडद्यावर सरकणारी पट्टी दाखवली, पण तिचाही आवाज जरा खाली आला होता. कारण हा लॅपटॉप हरला तर तो परत जाणार होता आणि आई पुन्हा लिंबाखाली.

इथं आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. आई मागच्या खोलीतल्या कोनाड्यात एक फुलपात्र पालथं घालते, त्यावर वाटी, वाटीवर चमचा. जमीन हलली तर आधी ते पडेल आणि झोपलेली माणसं जागी होतील. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत असं काही ना काही रचलेलं असतं.

एरवी जुन्याच्या थरथरीत तगायचं, त्या दिवशी ते पडलं. चमचा, वाटी, मग फुलपात्र, फरशीवर खणखणत.

आता बघा, यंत्र मी लावलेलं. थरथर कशाची ते मला ठाऊक. तरी मी पळालो. दादा माझ्या पुढं, खुर्ची उलथवून. बायको लॅपटॉप छातीशी धरून. शेजारणीनं खणखणाट ऐकला, आमची पळापळ बघितली आणि "भायेर व्हा" म्हणून हाक दिली, आणि बघता बघता अख्खी गल्ली मोकळ्या जागेत येऊन उभी. कुणी लेकरू उचललेलं, कुणी शेळी सोडलेली. एकाच्या हातात जेवणाचं ताट. सगळे पायाखालच्या मातीकडं बघत होते. बारशाची मंडळीसुद्धा पाळण्यातलं बाळ घेऊन आली होती.

त्यांच्यात आई नव्हती.

मी विचारलं. बारशाच्या घरची म्हातारी म्हणाली की तुमची आई तर मघाच उठली, डोकं दुखतंय म्हणून मागच्या दारानं घरी गेली.

घर माझ्यासमोर होतं, दार सताड उघडं. पडलेलं नव्हतं, पडणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी उंबऱ्याशी जाऊन माझे पाय थांबले. आत अंधार दिसत होता आणि आतून तीच किणकिण येत होती. मी त्या पहाटे पोरगा होतो. तेव्हाही दार असंच उघडं होतं. मग दादांनी मागून माझा दंड धरला, आणि आम्ही दोघं एकमेकांना ढकलत आत गेलो.

आई मागच्या खोलीच्या चौकटीत उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरून, नजर वर छताला. फुलपात्र तिच्या पायाशी. इतकी वर्षं पहिल्या किणकिणीला बाहेर पडणारी माझी आई, आणि त्या दिवशी तिला पाऊल उचलता येत नव्हतं. मी हाक मारली, तिनं बघितलं नाही. दादा तिच्याकडं गेले. मी पुढच्या खोलीत जाऊन जुन्याची वायर सरळ भिंतीतून उपटली. सामना गेला खड्ड्यात. पंखे रडत रडत थांबले, भांडी गप्प झाली, आणि मग कुठं आईचे हात चौकटीवरून सुटले.

तिला लिंबाखाली आणून पाणी पाजलं. गल्ली हळूहळू पांगली, जाताना दोघातिघांनी माझ्या खानदानाचा यथोचित उद्धार केला. तेव्हा बायकोच्या मांडीवरून एक बारीक टिंग आली. पळापळीत, विजेच्या वायरीशिवाय, तिच्या छातीशी धरलेल्या त्या पाटीनं अख्खं लग्न संपवलं होतं. जुना अर्ध्यातच होता.

पंचांनी मात्र पडदा बघून हरकत घेतलीच. मिक्सिंगमध्ये नवरीवर पाडायच्या गुलाबाच्या पाकळ्या जुन्या प्रोसेसरसाठी बनवलेल्या, त्या नव्यावर चाललेल्याच नव्हत्या. म्हणजे यानं अर्धी गाडी ओढून शर्यत मारली, असं त्यांचं म्हणणं. "भावजी, पाकळ्या मी नव्या टाकीन," बायको म्हणाली. "एकदा नवरीचं तोंड तर दिसू द्या."

आणि तिनं तिथंच न थांबता आईला धरून आत नेलं, मागच्या खोलीत खाटेवर बसवलं, लॅपटॉप तिच्याशेजारी खाटेवरच ठेवला आणि तेच लग्न पुन्हा रेंडरला लावलं. दादा आणि मी दारात उभे. आई भिंतीला टेकून, अंग आखडून, त्याच्याकडं सापाकडं बघावं तशी बघत राहिली. खाट हलली नाही. पलीकडं भांडी बोलली नाहीत. बऱ्याच वेळानं तिनं एक बोट पुढं केलं, मग पंजा टेकवला.

"लावलंय व्हय ह्ये?" तिनं सुनेला विचारलं.

बायकोनं मान हलवली आणि पुढं सरकत चाललेली पट्टी दाखवली. आईनं पट्टी बघितली, पाय वर घेतले, नीट मांडी घातली. मग माझ्याकडं वळली.

"मग मला इतकं दिस उन्हात कशापायी बसवलं रं, मुडद्या?"