बिबड्यांचं प्रमाणपत्र

तिचं नाव विचारायचं राहिलंच. फोटोची घाई होती ना आम्हाला! गरिबी हटवायला आम्ही धुळ्याच्या बायका जीप करून नरडाण्याजवळच्या एका गावी गेलो होतो. शिकवणार काय, तर ज्वारीचे बिबडे. खानदेशातल्या बाईला पापड शिकवायचे, तेही ऐन कापूस वेचणीत! आमची हुशारी बघा.

गावातल्या बायकांत ती पुढेच बसली होती, पदर खोचून. ओल्या फडक्यावर थापलेला माझा बिबडा तिसऱ्यांदा फाटला, तशी तिने फडकं हळूच ओढून घेतलं. बोटं पाण्यात बुडवून असा पातळ थापला, की पलीकडचं दिसावं.

"अक्का, बिबडा त माले येस," ती म्हणाली. "इकत कोन लेई, ते सांगा. त्यानाकरताच आज कापूस येचानं सोडीसन वनू."

गिऱ्हाईक शोधायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वेचणी सोडून आल्याने तिची दिवसाची मजुरी बुडाली, ती बुडालीच. मग फोटोसाठी मी हसून तिला प्रमाणपत्र दिलं, नावाची जागा मोकळी असलेलं.

तिने ते माझ्याच मांडीवर ठेवलं. "यानावर तुमनं नाव टाका, अक्का. शिकनात त तुम्हीच!"

ते माझ्या कपाटात आहे. बिबडा अजून फाटतोच.