सरासरी वजनाची खात्री

साबणाच्या कारखान्यात सगळे त्यांना वजनबाई म्हणत. मिशीतल्या मिशीत हसणारा पॅकिंगवाला मूठभर वड्या आणून देई. बाई त्या तोलून आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकत, की ते सांगे: पंचाण्णव टक्के खात्री, सगळ्या मालाचं सरासरी वजन या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. हा आकड्यांचा पट्टा रुंद आला की बाईंना मनातल्या मनात गुदगुल्या होत. चेहरा मात्र करारी! "अहो, अंदाज फारच ढोबळ आहे. अजून वड्या आणा." तो शीळ घालत ट्रे भरून आणी.

पण वड्या वाढल्या तसा पट्टा अरुंद होत गेला. आता कसलं निमित्त काढायचं? बाईंनी खात्रीच वाढवली, नव्व्याण्णव टक्के. पट्टा पुन्हा ऐसपैस! बाईंनी खुर्चीतच गिरकी घेतली. मग हाव सुटली आणि त्यांनी शंभर टाकले. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत फटकारलं: एवढी खात्री देता येणार नाही.

तेवढ्यात तो दारात उभा, हात रिकामे. "वड्या संपल्या हो बाई. नुसताच आलो तर चालेल?"

"शंभर टक्के!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की रिकाम्या काट्यावरचा आकडा हलला.