वारा उतरेल

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्या सरोवरावर गेलो तेव्हा आमच्या नावाड्याला कोणी मामा म्हणत नव्हतं. त्याचा भाचा तेव्हा शेंबडा होता. पुढे तोच भाचा धक्क्याचा मुकादम झाला, आणि हा सगळ्या धक्क्याचा मामा.

त्या वेळी तो उभ्याने वल्हवायचा, एक पाय नावेच्या काठावर ठेवून, जणू घराच्या उंबऱ्यात उभा आहे. माझ्या यजमानांना पोहता येत नव्हतं. त्यांनी बसायची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“साहेब, सोडा तिला,” तो म्हणाला, “फळी कुठे पळून जात नाही.”

यजमान पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य घरी वापरत. मुलगा जेवताना ताट धरून बसला की म्हणायचे, ताट कुठे पळून जात नाही.

आम्ही तिथे पुन्हा पुन्हा गेलो, आणि दर वेळी त्याच्याच नावेतून. त्याला वाऱ्याची चेष्टा करायची खोड होती. दुसरे नावाडी परत फिरायचे तेव्हा हा निघायचा. डोंगरांच्या दोन शिखरांमध्ये एक खिंड आहे. तिच्यावर ढग बसला की वारा खाली पाण्यावर उतरतो, असं तिथले सगळे म्हणतात. हा म्हणायचा, “उतरू दे की, त्यालाही पाय आहेत.”

मग एका वर्षी तो बसून वल्हवताना दिसला. का, ते त्याने सांगितलं नाही. आम्ही उतरायचो त्या लॉजच्या मालकिणीने सांगितलं. त्याचा मुलगा त्याच्याबरोबर दुसरं वल्हं धरायला लागला होता. एका दुपारी पलीकडच्या काठावर एक जोडपं परतायची घाई करत होतं. खिंडीवर ढग होता. मुलगा म्हणाला, “बाबा, थांबू या.” बाबा हसले. मधोमध पोचले आणि वाऱ्याने नाव पालथी केली. धक्क्याचा नियम असा, की आधी प्रवासी, मग घरचं माणूस. त्याने नवऱ्याला नावेला धरायला लावलं, बायकोला ओढून आणलं, आणि मग तो मागे वळला. तिथे नुसतं पाणी होतं.

धक्क्यावर त्याचा सत्कार झाला. नियम पाळला म्हणून.

त्यानंतर खिंडीवर ढग दिसला की तो जागचा हलेना. आणि ढग नाही असे दिवस त्या डोंगरात सणासारखे, क्वचितच. लोक सुरुवातीला हळहळले, मग कंटाळले. दुसऱ्याचं दुःख ओसरायची वाट बघण्याइतका वेळ सुट्टीवर आलेल्या माणसाकडे नसतो. मोटरबोटी आल्या. मामाच्या नावेत चुकूनमाकून कोणी बसायचं आणि परत येऊन तक्रार करायचं.

यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच मी तिथे गेले ती मुलगा, सून आणि नातीबरोबर. मुलगा मोटरबोटीकडेच निघाला होता. मी म्हटलं, मी मामांच्या नावेतूनच जाणार. म्हाताऱ्या आईचा हट्ट सकाळी पुरवायला सोपा असतो.

आम्ही नावेजवळ पोचलो तेव्हा भाचा तिथेच उभा होता.

“मामा, आज सोंगं नकोत. न्यायचं, थांबायचं, आणायचं. आता एक जरी तक्रार आली तर नाव पाण्याबाहेर. मग म्हणू नकोस, भाच्याने केलं.”

“भाचा कशाला म्हणू? मुकादमाने केलं म्हणेन,” मामा म्हणाला आणि नातीच्या जॅकेटचा पट्टा बांधायला खाली वाकला. त्याने तो इतका आवळला की ती कळवळली.

“आजी, मला श्वास घेता येत नाहीये.”

“बोलता येतंय म्हणजे घेता येतोय,” मामा म्हणाला.

सरोवर शांत होतं. खिंड मोकळी होती, आकाश धुतल्यासारखं. मामाने नातीचे हात वल्ह्यावर ठेवून वर आपले ठेवले, आणि ती पलीकडच्या काठापर्यंत सगळी नाव आपणच वल्हवतोय अशा थाटात बसली. उतरून आम्ही वरच्या तळ्याची चढण धरली. आधी देवदारांची सावली, मग ओढा, मग नुसते दगड. मुलगा मागे वळून विचारत राहिला, “आई, जमतंय ना?” मी उत्तर दिलं नाही, कारण बोलण्यापुरता श्वास खरंच नव्हता. पण पोचले. तळ्याच्या सावलीतल्या बाजूला जुना बर्फ होता. नात त्यावरून घसरून घसरून पँट फाडून बसली आणि सूनबाई रागावायचं सोडून स्वतःही एकदा घसरली. आम्ही दगडांवर बसून डबे उघडले. मुलगा इतका मोकळा हसताना मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. हे सगळं मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवसाचा एवढाच भाग चांगला होता.

खाली आलो तेव्हा मामा नावेत नव्हता. तो काठावरच्या दगडावर बसला होता, तोंड खिंडीकडे. खिंडीवर ढग होता. लहानसाच, उशीएवढा.

“आत्ता नाही निघता येणार,” तो म्हणाला. “वारा उतरेल.”

“पाणी बघा की,” मुलगा म्हणाला. “आरसा आहे नुसता.”

“तेव्हाही होता.”

“तेव्हा म्हणजे कधी?”

मी मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तक्रार केलीस तर त्याची नाव जाईल, हेही सांगितलं.

“त्याची नाव जाईल म्हणून आपली संध्याकाळची गाडी जाऊ द्यायची?” तो म्हणाला. आवाज चढवून नाही, थकून. “आई, वाईट मलाही वाटतं. पण त्याला भीती वाटते म्हणून आपण इथे बसायचं, हे काही बरोबर नाही.”

मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मामाजवळ गेले.

“मामा, मी पुढे बसते. हळूहळू जाऊ या.”

“बाई, तुम्ही म्हणालात तरी नाही.”

“भाचा काय म्हणाला ते ऐकलंत ना?”

“ऐकलं. माझे कान शाबूत आहेत.” मग नातीकडे बोट दाखवून म्हणाला, “हिला घेऊन नाही.”

मुलाने धक्क्यावर फोन लावला. मोटरबोट घेऊन भाचा स्वतःच आला. मामाकडे त्याने पाहिलंही नाही. आम्ही बसलो. मामाने बोटीत हात घालून नातीचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

सरोवर ओलांडताना मी मागे बघत होते. ढग होता तिथेच होता. मी शाळेत सिस्टरांकडून शिकलेली प्रार्थना मनात सुरू केली आणि वारा मागितला. फार नाही, एक झोत, टोपी उडेल एवढा. बोटीतल्या सगळ्यांना कळेल एवढा. माझी नात शेजारी बसलेली होती आणि मी पाण्यावर वारा मागत होते. पान हललं नाही. भाच्याने शीळ घालत बोट धक्क्याला लावली. गाडीच्या खिडकीतून पलीकडे पाहिलं तेव्हा पाणी गुळगुळीत होतं, आणि काठावर एक ठिपका बसलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. नाव खरंच पाण्याबाहेर होती. तिकीट खिडकीसमोर ठेवून तिच्यात माती भरली होती आणि फुलझाडं लावली होती. मध्ये एक फळी मोकळी सोडली होती, लोकांना बसून फोटो काढता यावा म्हणून. सूनबाईने नातीचा काढला.

मामाला भाच्याने जॅकेटं वाटायचं काम दिलं होतं. “बसून पगार,” मुलगा मला म्हणाला. “बघ, वाईट नाही झालं काही.”

मामाने मला ओळखलं, मान हलवली. नातीचा पट्टा त्याने आवळला. ती आता मोठी झाली होती, तक्रार केली नाही. मग तो पट्ट्याचं टोक हातात धरून खिंडीकडे बघत उभा राहिला. वर ढग होता. नात एक पाय बोटीत ठेवून अडकून राहिली.

“मामा, सोड आता,” भाचा बोटीतून ओरडला. “लोक खोळंबलेत.”

बोटीतलं कोणीतरी हसलं. मामाने पट्टा सोडला.