आईची चाल

तारनाक्याला माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांनी मला फसवलं. ते जुन्या कंप्युटरवर, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंथेसायझर वाजवतात. कानाला हेडफोन, त्यामुळे आपल्याला नुसती बटणांची टकटक आणि त्यांचं "हौ, हौ" ऐकू येतं. आई गेल्यावर तिच्या अंगाईची चाल मी त्यांना गुणगुणून दाखवली. आई मध्येच जिथे श्वास घ्यायला थांबायची, ती जागासुद्धा त्यांनी अचूक बसवली. मी रडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चाल इंटरनेटवर टाकली, कुणीही घ्यावी, हवी तशी बदलावी म्हणून. मी भांडायला वर गेलो.

"नाराज नक्को, शेठ. लोकांनी सॉफ्टवेअर फुकट दिलं, आपण चाल दिली."

"आपण? आई माझी, चाल तिची. मग देणारे तुम्ही कोण? उत्तर द्या."