भिंतीवरचे मामाजी

माझे सासरे गणपतराव, म्हणजे आमचे मामाजी, यांना जिवंतपणी भिंतीवर चढवण्याचं पाप माझ्या हातून घडलं. खिळा ठोकला नाही, सेलोटेपने चिकटवलं, पण चित्र माझंच होतं. आणि हे घडलं ते माझ्या मुलीला अँटिबायोटिक्स पाठ होत नव्हती म्हणून.

मोनाली डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला. फार्माकोलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, त्यात ती आठ मार्कांनी राहिली. पुरवणी परीक्षा सहा आठवड्यांवर होती. तीही गेली असती तर तिची बॅच पुढे निघून गेली असती आणि ही एक वर्ष मागे, आपल्याहून लहान पोरांच्या बाकावर. जेवताना, भांडताना, कपडे वाळत घालताना आमच्या क्वार्टरमध्ये दुसरा विषय नव्हता.

"मम्मी, या सगळ्यांचं आडनाव एकच आहे, मायसिन," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण घराणी अलग-अलग. एरिथ्रोमायसिन वेगळ्या घरचं, वँकोमायसिन वेगळ्या घरचं, स्ट्रेप्टोमायसिन अजून तिसऱ्याच. कोण कोणाचं, कसं याद ठेवू मी?"

यशश्री नावाच्या तिच्या सीनियरने तिला चित्रांचे व्हिडिओ दाखवले. एका चित्रात अख्खी जत्रा भरवलेली असते. प्रत्येक माणूस म्हणजे एक औषध आणि त्याच्या हातातली वस्तू म्हणजे त्या औषधाचा एखादा दोष. चित्र डोळ्यांसमोर आलं की औषध आपोआप आठवतं म्हणे. पण ती चित्रं परदेशातली. त्यातला बर्फावर घसरणारा माणूस पाहून मोनालीला काही म्हणता काही आठवत नव्हतं, कारण आमच्या फॅक्टरीच्या वस्तीत, खमरियात, बर्फ फक्त उसाच्या रसात असतो.

"तू ड्रॉइंग टीचर आहेस न, तू काढ," ती म्हणाली. "आपल्या घरचे लोक काढ."

सदर बाजारातल्या शाळेत बावीस वर्षं पोरांचे दोन डोंगर आणि मधला सूर्य तपासून मी कंटाळलेली होते. एवढ्या वर्षांत कुणी मला मन लावून काही काढायला सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी चार्टपेपर आणले.

पहिले माझे दीर, विक्की भाऊजी. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते लाल होतात, म्हणून त्यांच्या हाताला भरधाव सुटलेली सलाईन लावली आणि त्यांना मानेपर्यंत लाल रंगवलं. वँकोमायसिन घाईने दिलं की अंग असं लाल होतं. मग शेजारचा सौमित्र, पिवळे दात दाखवत दुधाचा पेला दूर सारणारा. टेट्रासायक्लिन लहान मुलांना देत नाहीत, दात पिवळे होतात, आणि दुधाबरोबर तर घेतच नाहीत. हे चित्र सौमित्रच्या आईने, विनताने, दारातून पाहिलं आणि ती चहा न घेताच परत गेली.

तिसरे मामाजी. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन हे घराणं कान आणि किडनी दोन्हींना त्रास देणारं. मामाजी ठार बहिरे, त्यामुळे कान आयताच मिळाला. कानामागे हात धरून ते पाटावर बसलेत आणि पुढ्यात राजम्याचं ताट, कारण राजम्याचा दाणा थेट किडनीसारखा दिसतो. मामाजींना राजमा चालत नाही, पोटात गॅस होतो, पण चित्रात त्यांना विचारतं कोण.

अकरा चार्ट झाले. बैठकीची डावी भिंत भरली. आठवड्याने मी परीक्षा घ्यायला बसले.

"विक्की काका लाल झालेत," मोनाली डोळे मिटून म्हणाली. "निळ्या चौकटीचा शर्ट आहे. वरून तिसरं बटण तुटलेलं आहे."

"बरोबर. का लाल झालेत?"

तिने एक डोळा उघडला. "काहून लाल झाले ते नाही याद येत."

मी पेन्सिल आपटली. इतकं चांगलं चित्र काढलं हाच माझा गुन्हा ठरला होता. पोरीला बटण आठवत होतं, औषध नाही. तिने पुस्तक आपटलं. तिचे पप्पा, आनंद, डबा घेऊन निघता निघता "चित्रं तर एक नंबर आहेत" असं म्हणाले, तेव्हा आम्ही दोघी मिळून त्यांच्यावर ओरडलो.

ओरडायची या घराला सवयच आहे. मामाजींना चहासाठी हाक मारली की विनता खिडकीत येते. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्याने नुसती खरखर मोठी होते म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडलं आहे. खरं सांगते, बहिऱ्या माणसाशी मोठ्याने बोलताना त्यात थोडा राग मिसळला तरी कुणाला कळत नाही. ही सोय मी पंचवीस वर्षं वापरली.

कान गेला कसा, हे आमच्याकडे कुणी विचारत नसे. मामाजी फॅक्टरीतून रिटायर झालेले, फॅक्टरी दारूगोळ्याची, म्हणजे आवाजाने गेला असणार. लग्न होऊन आले तेव्हा मला हेच सांगितलं आणि मी ते धरून चालले.

स्वतःचा चार्ट मामाजींना दिसला तो दहाव्या दिवशी. त्यांचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्याने तो नेहमी जास्तच चढा असतो.

"मी मेलो का?" ते म्हणाले. "मंग हार पण आणा."

मोनालीने वहीच्या कागदावर लिहिलं, 'आबा, परीक्षेसाठी आहे.' त्यांनी चष्मा लावला, भिंतीजवळ गेले आणि एकेक इंग्रजी अक्षर लावत चित्राखाली लिहिलेली औषधांची नावं वाचायला लागले. फॅक्टरीच्या स्टोअरात पस्तीस वर्षं रजिस्टर लिहिलेला माणूस, वाचल्याशिवाय सोडणार नव्हता. पहिल्याच नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हे घेतलं मी," ते म्हणाले. "स्ट्रेप्टोमायसिन. नव्वद सुया. रोज एक."

मी चहाचा कप हातात धरून उभी होते. मोनालीने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न लिहिला. मग पुढचा. त्यांनी एकेक वाचून उत्तर दिलं.

ब्याऐंशी साली त्यांना टीबी झाला होता. घरात त्यांच्या बहिणीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे नागपूरचे. टीबीचं नाव निघालं असतं तर लग्न मोडलं असतं, म्हणून माझ्या सासूबाईंनी तोंड उघडायचं नाही असं बजावलं. मामाजी ड्यूटीच्या आधी सायकलने एका कंपाउंडरकडे जाऊन गुपचूप सुई घेऊन येत.

"विसाव्या सुईले शिट्टी सुरू झाली कानात. मी म्हटलं त्याले, कान वाजून राहिला. तो म्हणे, कमजोरी है, दूध पियो. साठाव्या सुईले भिंत धरून चालत होतो मी. टीबी बरा झाला, कान गेला. मंग तुही आजी म्हणे, बारूदखान्याच्या आवाजानं गेला म्हणून सांगा. मी तर स्टोअरात होतो. तिथं आवाज एकच, पंख्याचा."

मोनालीने लिहिलं, 'मग तुम्ही नंतर का नाही सांगितलं?'

"कोणी विचारलं?" ते म्हणाले आणि चहा घ्यायला माझ्याकडे वळले.

त्या दिवशी मला इतका राग आला की भाजी करपली. पण राग ठेवायला जागा नव्हती. सासूबाई गेल्या, कंपाउंडर कोण होता ते मामाजींनाही आठवत नाही, आणि सुयांनी माणूस वाचवला हेही खरंच होतं. उरले होते मी. आनंदना सांगितलं तर ते म्हणाले, "अच्छा? आई तर आवाजानं म्हणायची," आणि कितीतरी वेळ बूट हातात धरून बसून राहिले.

त्यानंतर ते घराणं मोनालीला कधी विसरायला झालं नाही. कान, किडनी, तोल जाणं, सगळं झोपेतून उठवून विचारा. त्याच जोरावर बाकीचे दहा चार्टही हळूहळू डोक्यात बसले, विक्की भाऊजींसकट.

तोंडी परीक्षेहून ती आली ती चप्पल भिरकावतच.

"काय विचारलं?"

"वँकोमायसिन. नुसतं वँकोमायसिन. सांगितलं सगळं." तिने बॅग टाकली. "आबांचं विचारलंच नाही मम्मी. मी पूर्ण तयार होते. मी म्हणणार होते की अमिकासिन चालू असेल तर पेशंटला रोज विचारायचं, कान वाजतो का. एवढंच तर विचारायचं असतं. त्यांनी विचारलंच नाही."

ती पास झाली. अगदी काठावर, पण झाली. बॅच सुटली नाही. निकालाच्या दिवशी मी भिंत मोकळी करायला घेतली. विक्की भाऊजी निघाले, सौमित्र निघाला, त्याला मी विनताच्या नजरेआड आधी फाडला. मामाजींच्या चार्टचं वरचं टोक सोडवलं तेवढ्यात मागून त्यांचा हात आला आणि त्यांनी कागद भिंतीशी दाबून धरला.

"हे राहू दे."

त्यांच्याशी बोलायला आणलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'तुम्हीच म्हणाला होता, मी मेलो का.' आता मी लिहिते, ओरडत नाही.

"चाळीसच्या वर वर्षं झाली," ते म्हणाले. "कान कशानं गेला ते घरात खरं लिहिलेला कागद हा एकच आहे."

मी निघालेलं टोक पुन्हा चिकटवलं. चारही बाजूंनी नवी टेप लावली. मामाजी दोन पावलं मागे सरकले, चष्मा सावरून त्यांनी चित्र नीट पाहिलं.

"तो राजमा काढ तेवढा," ते म्हणाले. "किडनी ठीक आहे माही."